कूलर जुलैत का रुसतो?

रायपुरात मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला तरी कूलर खोली गार करतो. जुलैत तोच नुसता दमट वारा फेकतो. शाळेत उष्णता शिकवायला याहून चांगला धडा नाही. लिटरभर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते, त्याची वाफ व्हायला मात्र सुमारे 2400! वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी ही उष्णता आत येणाऱ्या हवेकडून घेतं. पावसाळी हवेत बाष्प आधीच भरपूर, म्हणून बाष्पीभवन मंदावतं.

वर्गात दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा उतरताना मुलांनी स्वतः पाहिलाच पाहिजे. घरी कूलरसमोरची खिडकी मात्र उघडी ठेवा. बंद खोलीत वाफ साठून मे महिन्यातही चिकचिक होते.