आपल्या साखरेची कथा

ऊस हे आपल्या देशातील फार प्राचीन पीक आहे. ‘शर्करा’ हा आपला शब्द इराणी व अरबी भाषांतून प्रवास करीत युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘शुगर’ झाला. असे असूनही, मुलांनो, सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात खपणारी बरीचशी पांढरी साखर समुद्रापलीकडून येत असे!

याचे कारण काय? चरकात ऊस पिळावा, काहिलीत रस आटवावा आणि गुळाच्या ढेपा बांधाव्यात, ही आपल्याकडील जुनी रीत. यंत्राने शुभ्र साखर करणारे कारखाने थोडे होते. जावा बेटावर मात्र जाड, रसाळ ऊस पिके व मोठमोठे कारखाने चालत. तेथून दरवर्षी लाखो टन साखर आपल्या बंदरांत उतरे.

ही स्थिती दोन गोष्टींनी पालटली. 1912 साली कोइमतूर येथे ऊस-संशोधन केंद्र निघाले. तेथील शास्त्रज्ञांनी जाड उसाचा काश नावाच्या रानटी गवताशी संकर करून काटक व भरघोस पिकणाऱ्या जाती निर्माण केल्या. पुढे 1932 साली परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण देण्यात आले. तेव्हा देशात सुमारे 30 कारखाने होते. चारपाच वर्षांतच ते 130 च्या वर गेले.

साखर स्वदेशी झाली. पण ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा धनी नव्हता. भंडारदरा धरणाचे पाणी मिळून प्रवरेच्या काठी ऊस फोफावला, तरी गुळाचा भाव कोसळला की शेतकरी कर्जात बुडे. तेव्हा लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि शेतकरी स्वतःच मालक झाला. त्याचा कित्ता मग महाराष्ट्रभर गिरवला गेला.

आज भारत जगातील अग्रगण्य साखर-उत्पादक देशांपैकी एक आहे. तथापि उसाला पाणी फार लागते, आणि थंडीवाऱ्यात घर सोडून ऊस तोडणाऱ्या मजुरांचे कष्ट अजून सरलेले नाहीत. त्यांच्या मुखीही हा गोडवा पोहोचेल, तेव्हाच ही कथा सुफळ होईल.