आग नसतानाही १०१!

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडलीय आणि आत तुम्ही चौघं आहात. पहिला फोन कोणाला लावाल?

आम्ही काय केलं सांगते. आधी ग्रुपवर मेसेज टाकला, मग वॉचमनकाकांना फोन केला. ते लिफ्टवाल्याचा नंबर शोधत बसले. एकाने दार ओढून बघितलं, एकीला रडू फुटलं. शेवटी ४० मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी १०१ फिरवला. जवान आले. त्यांनी आधी लिफ्टची वीज बंद केली, मग चावीने दार उघडून एकेकाला हात देऊन बाहेर काढलं. 'आधीच फोन का नाही केलात?' एका दादांनी विचारलं. आमचं उत्तर काय, तर 'आग नव्हती ना लागलेली!'

दादा हसले. मला मात्र ते लागलं. मास कॉमची पदवी घेऊन बसलेय आणि अग्निशमन दल काय काम करतं हेच माहीत नाही?

बंब फक्त पाण्याचा नाही

तर मंडळी, यादी ऐका. पावसाळ्यात रस्त्यावर आडवं पडलेलं झाड करवतीने कापून बाजूला करणं. रस्त्यावर ऑइल सांडलं की गाड्या घसरू नयेत म्हणून त्यावर माती टाकणं. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा हायड्रॉलिक कटरने कापून आतल्या माणसाला सोडवणं. विहिरीत पडलेली गाय वर काढणं. संक्रांतीनंतर मांजात अडकलेली घार शिडी लावून सोडवणं. विसर्जनाच्या दिवशी घाटावर डोळ्यांत तेल घालून उभं राहणं. इतकंच काय, सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी कापायलाही लोक फायर स्टेशन गाठतात.

यातल्या अर्ध्याहून जास्त कामांत ज्वाळेचा पत्ताच नाही. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी अडकलेलं असतं आणि घड्याळ पळत असतं.

१४ एप्रिल का लक्षात ठेवायचा?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. जवान पाणी मारत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं, अर्ध्या तासाच्या आत पुन्हा फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबईच्या दलाने ४ अधिकारी गमावले. खुद्द दलाचे प्रमुख त्यांत होते. आपण जिथून बाहेर पळतो तिथे ही माणसं आत शिरतात, हे वाक्य बोलायला सोपं आहे. त्याची किंमत अशी असते.

आपलं काम काय?

फोन लागला की आधी पत्ता सांगा. सोसायटी, गल्ली, जवळची खूण. मग काय झालंय आणि किती जण अडकलेत. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. ११२ लावलात तरी चालतं. आणि गंमत म्हणून खोटा कॉल? अजिबात नको. तुमच्या दारात आलेला बंब त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नसतो.

लिफ्ट अडकली तर दार ओढू नका. मध्येच लोंबकळत उतरताना खालच्या मोकळ्या डक्टमध्ये पडण्याचा धोका असतो. रूमवर गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. धुराचं उलटं, तो वर जातो. म्हणून धुरातून निघताना वाकून, रांगत निघायचं. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी चुकूनही ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा.

करिअर म्हणून?

नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथे फायर इंजिनीअरिंगची पदवीही करता येते. देशातली पहिली महिला फायर इंजिनीअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर नागपूरच्याच, याच कॉलेजच्या. तेव्हा 'हे मुलींचं काम नाही' असं कोणी म्हणालं, तर हे एक नाव पुरेसं आहे.

आणि जाता जाता

हा लेख लिहिताना मी ज्या हॉस्टेलवर राहते तिथला जिना पहिल्यांदा नीट बघितला. आणीबाणीच्या जिन्यात मोडक्या खाटा रचलेल्या. लाल सिलिंडरवरची तारीख कधीच उलटून गेलेली. रोज त्याच्या शेजारून जात होते, एकदाही वाचली नव्हती.

महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. तुमच्या कॉलेजला, हॉस्टेलला, अभ्यासिकेला विचारा, आमचा फॉर्म बी कुठाय? विचारायला पैसे पडत नाहीत.

मी विचारलं. अर्ज दिलाय, त्यावर २७ जणींच्या सह्या आहेत. सिलिंडर बदलून आला. खाटा अजून जिन्यातच आहेत. या रविवारी आम्हीच खाली उतरवणार आहोत.

तुमच्या जिन्यात काय ठेवलंय, एकदा बघून या.