टचपॅड बिघडले की बॅटरी फुगली?

लॅपटॉपवर बोट फिरवूनही पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही, किंवा साध्या क्लिकसाठी अंगठ्याने जोर लावावा लागतो, अशी वेळ आली की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो. टचपॅड गेले, ते बदलून घेतले पाहिजे! मग सुटा भाग ऑनलाइन मागवला जातो किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत चौकशी सुरू होते. भाग मिळतो, बसवलाही जातो. पण काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा डोके वर काढते, कारण बिघाड मुळात टचपॅडमध्ये नसतोच. त्याच्या खाली हळूहळू फुगत चाललेली बॅटरी त्याला वर ढकलत असते. अशा वेळी पैसे वाया जातात हा भाग वेगळा. अधिक गंभीर बाब अशी, की मांडीवर घेऊन वापरल्या जाणाऱ्या यंत्रातला धोका तसाच कायम राहतो.

हे नेमके कसे घडते हे समजून घ्यायचे, तर टचपॅडचे काम कसे चालते ते आधी पाहावे लागेल. टचपॅड (ॲपल कंपनी त्यालाच ट्रॅकपॅड म्हणते) वरून गुळगुळीत पट्टीसारखे दिसत असले, तरी त्या पृष्ठभागाखाली विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. माणसाचे शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणची विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजेच धारिता, किंचित बदलते. एक छोटी चिप ही जाळी सेकंदाला अनेक वेळा तपासून बोटाचे स्थान ठरवते. म्हणूनच साध्या पेनच्या टोकाने किंवा जाड हातमोजा घातलेल्या बोटाने टचपॅड चालत नाही आणि घामेजलेल्या बोटाने बाण सैरावैरा पळू लागतो. या सगळ्यात हलणारा भाग एकही नाही. हलतो तो फक्त क्लिकचा भाग. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडची पट्टी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालच्या कडेजवळ बारीक बटण असते. पट्टी दाबली की ते बटण दबते आणि 'टक्' असा आवाज येतो. स्पर्श ओळखणे आणि क्लिक नोंदवणे ही अशी दोन स्वतंत्र कामे आहेत. साहजिकच त्यांचे बिघाडही वेगवेगळे. बाण व्यवस्थित फिरतो पण क्लिक होत नाही, अशी तक्रार असेल तर स्पर्शाच्या जाळीला दोष देण्यात अर्थ नाही.

या पट्टीचा इतिहास तसा फार जुना नाही. धारितेवर चालणाऱ्या टचपॅडची कल्पना अमेरिकेतील जॉर्ज गेरफाइड यांनी १९८८ मध्ये मांडली. ॲपलने १९९४ मध्ये आपल्या 'पॉवरबुक ५००' या मालिकेत गोल फिरणाऱ्या चेंडूच्या, म्हणजे ट्रॅकबॉलच्या जागी ते बसवले आणि पुढे साऱ्या उद्योगाने तोच मार्ग धरला. लॅपटॉप कंपन्यांना टचपॅड पुरवणाऱ्या सिनॅप्टिक्स या कंपनीची कथा तर अधिक रंजक. इंटेलच्या १९७१ मधील '४००४' या मायक्रोप्रोसेसरच्या घडणीत प्रमुख वाटा असलेले फेडेरिको फॅजिन यांनी प्राध्यापक कार्व्हर मीड यांच्यासह १९८६ मध्ये ती स्थापन केली, तेव्हा त्यांच्या डोक्यात टचपॅड नव्हतेच. मेंदूच्या चेतापेशींप्रमाणे काम करणाऱ्या चिप बनवणे हा त्यांचा उद्देश होता. आकृती ओळखण्याच्या त्या संशोधनातूनच बोटाची जागा ओळखणारी पट्टी बाजारात आली.

आता मूळ मुद्दा बॅटरीचा. लॅपटॉप जसजसे पातळ होत गेले, तसतशी पाठीमागून काढता येणारी बॅटरी नाहीशी झाली आणि तळहात टेकण्याच्या भागाखाली, म्हणजेच टचपॅडच्या आजूबाजूला वा थेट त्याच्या खाली चपट्या पाकिटांच्या स्वरूपात येऊन बसली. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, सतत उष्णतेत राहिली किंवा महिनोन्महिने पूर्ण चार्ज करून चार्जरला जोडूनच ठेवली, तर आतील रासायनिक द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो. या पाकिटांना धातूचे कठीण कवच नसल्याने ती उशीसारखी फुगतात. सुरुवातीला हा फुगवटा एक-दोन मिलिमीटरचाच असतो, पण टचपॅडखाली मोकळी जागाही तेवढीच असते. मग पट्टीला खाली जायला वाव उरत नाही. कधी क्लिक होतच नाही, तर कधी बटण आपोआप दाबलेलेच राहते आणि पडद्यावर भलतेच काही उघडू लागते.

ही तपासणी घरच्या घरी, एकही स्क्रू न काढता करता येते. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा. तो एखाद्या कोपऱ्यावर डुगडुगत असेल, झाकण पूर्वीसारखे घट्ट मिटत नसेल, टचपॅडची एखादी कडा भोवतालच्या पातळीहून वर आली असेल किंवा खालच्या पत्र्याला पोट आले असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा. टचपॅडवर पट्टी आडवी धरून फट पाहिली तरी अंदाज येतो. मात्र वर आलेला भाग दाबून जागेवर बसवण्याचा मोह टाळलेला बरा. असा लॅपटॉप पुन्हा चार्जरला लावू नये आणि फुगलेल्या पाकिटाला टाचणीने भोक पाडून 'हवा काढण्याचा' प्रकार तर कोणालाही करू देऊ नये. आतील थर एकमेकांना टेकले की बॅटरी क्षणार्धात पेट घेऊ शकते आणि ती आग सहजासहजी विझत नाही. बॅटरीचा धोका केवळ कागदावरचा नाही, हे विमान प्रवाशांनी अनुभवले आहे. प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही यंत्रांतील बॅटरी तापून पेटण्याची शक्यता असल्याने ॲपलने जून २०१९ मध्ये त्या परत मागवल्या. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, बॅटरी बदलून मिळेपर्यंत ही यंत्रे विमानात नेऊ नयेत, असे प्रवाशांना सांगितले होते.

बॅटरी ठीक असेल तरी लगेच टचपॅड बदलण्याची घाई नको. कीबोर्डच्या वरच्या ओळीतील एखादी कळ चुकून दाबली जाऊन टचपॅड बंद झालेले असणे, ही अगदी नित्याची गोष्ट आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर ते चालेनासे झाले, तर बहुधा आवश्यक ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये टचपॅड मदरबोर्डशी वेगळ्या वाहिनीने जोडलेले असते आणि त्या वाहिनीचाही स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. यंत्र सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावर बाणाची सोय असेल आणि तेथे टचपॅड चालत असेल, तर सुटा भाग निर्दोष आहे असे खुशाल समजावे. आपल्याकडच्या घरांत आणखी एक कारण हमखास आढळते, ते अर्थिंगचे. चार्जर लावला की बाण थरथरतो आणि काढला की शहाण्यासारखा वागतो, असे होत असेल तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते आधी पाहावे. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट धारितेच्या सूक्ष्म मापनात ढवळाढवळ करतो. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, त्याचेही मूळ बहुधा येथेच असते. त्यासाठी वायरमन बोलवावा लागेल, लॅपटॉपवाला नव्हे.

रॅम किंवा एसएसडी बदलून आणल्यानंतर टचपॅड बंद पडले असेल, तर कागदासारख्या पातळ रिबन केबलवर संशय घ्यावा. ही केबल मदरबोर्डवरच्या छोट्या खाचेत सरकवून वरचे नाजूक झाकण मिटायचे असते. ती तिरकी बसली तरी काम थांबते. सरळ बसवली की एक पैचाही भाग न लागता टचपॅड पूर्ववत होते.

एवढे सगळे तपासूनही दोष टचपॅडचाच निघाला, तर मात्र ते बदलणे आले. हे काम सोपे की अवघड, हे सर्वस्वी लॅपटॉपच्या बांधणीवर ठरते. खालचे झाकण काढून सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, हा नियम सर्वत्र सारखा. स्क्रू काढताना कोणता कोठला हे कागदावर मांडून ठेवावे, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी आवळला तर तो मदरबोर्डमध्ये घुसू शकतो किंवा वरच्या पृष्ठभागाला टेंगूळ आणतो. रिबन केबलच्या खाचेचे झाकण नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पात्याने अलगद उचलावे. ते तुटले तर काही मिनिटांचे काम मदरबोर्डच्या सोल्डरिंगपर्यंत जाऊन पोहोचते. सुटा भाग मागवताना केवळ लॅपटॉपचे नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये कधी सिनॅप्टिक्स, कधी एलान, तर कधी आल्प्स कंपनीचे टचपॅड असते आणि त्यांची अदलाबदल होईलच असे नाही. जुन्या भागाच्या पाठीवर छापलेला क्रमांक जुळवून घेणे, हाच खात्रीचा मार्ग.

टचपॅड बदलण्याचे एक उदाहरण हौशी मंडळींत चांगलेच प्रसिद्ध आहे आणि त्यात बिघाडाचा संबंधच नाही. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेत कीबोर्डच्या मधोमध असलेल्या लाल टिकलीने बाण हलवण्याची सोय आहे. तिच्यासाठी टचपॅडच्या वरच्या बाजूला तीन स्वतंत्र बटणे असत. २०१३ च्या 'टी ४४०' पिढीत कंपनीने ती काढून टाकली आणि संपूर्ण पट्टीच दाबण्याची योजना केली. बोटांना न पाहता बटणे सापडण्याची सवय असलेले जुने ग्राहक नाराज झाले. २०१५ च्या 'टी ४५०' मध्ये बटणे परत आली आणि लवकरच लोकांच्या लक्षात आले, की नव्या यंत्राचे टचपॅड जुन्यातही बसते. 'टी ४४० पी' मध्ये त्यासाठी कीबोर्ड आणि तळहात टेकण्याचा भाग सोडवावा लागतो आणि विंडोजमध्ये ड्रायव्हरची थोडी खटपटही करावी लागते. तरीही शेकडो मैल दूर बसलेल्या कंपनीचा निर्णय एका स्क्रू-ड्रायव्हरच्या साहाय्याने फिरवता येतो, याचे समाधान काही वेगळेच!

सर्वच यंत्रे अशी उदार नसतात. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एकसंध ॲल्युमिनियमच्या मॅकबुकमध्ये काचेचे ट्रॅकपॅड स्क्रूंनी बसवलेले होते आणि क्लिक किती घट्ट हवी हे ठरवण्यासाठी एक छोटा स्क्रूही दिला होता. २०१२ मध्ये रेटिना पडद्याचे मॅकबुक प्रो आले आणि बॅटरीच वरच्या कवचाला गोंदाने चिकटली. त्यामुळे केवळ बॅटरी बदलायची तरी कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसह वरचा संपूर्ण भाग बदलण्याची वेळ येऊ लागली. २०१५ पासून आलेल्या 'फोर्स टच' ट्रॅकपॅडमध्ये तर पट्टी खाली जातच नाही. कोपऱ्यांतील संवेदक बोटाचा दाब मोजतात आणि विद्युतचुंबक पट्टीला सूक्ष्म हादरा देऊन क्लिकचा भास निर्माण करतो. यंत्र बंद असताना ते दाबून पाहिले तर दगडावर बोट ठेवल्यासारखे वाटते. जुना मॅकबुक विकत घेणारे काही जण तेवढ्यावरूनच ट्रॅकपॅड बिघडल्याचे ठरवतात, ते चुकीचे आहे.

सुटे भाग सहज मिळावेत आणि यंत्र उघडता यावे, ही मागणी आता सरकारदरबारीही पोहोचली आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे कंपन्यांना बंधनकारक झाले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. कंपन्यांचे दुरुस्तीविषयक धोरण आणि सेवा केंद्रांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. दरम्यान, २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने टचपॅडपासून मदरबोर्डपर्यंत प्रत्येक भाग ग्राहकाला स्वतः बदलता येईल असा लॅपटॉप आणला. म्हणजे पातळ यंत्र आणि सुलभ दुरुस्ती यांचे वैर अटळच आहे, हा मोठ्या कंपन्यांचा युक्तिवाद तितकासा खरा नाही.

दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी बाहेरून माऊस जोडून काम भागवणारेही बरेच असतात. केवळ टचपॅडच बिघडले असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र बॅटरी फुगलेली असताना माऊस जोडला तर तक्रार तेवढी दिसेनाशी होते, बॅटरी फुगतच राहते. अशी बॅटरी काढून घेतल्यावर दुकानदाराकडे ती कोठे जाणार आहे, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये लागू झाले असून वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती घरी आणलीच, तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, गाद्या-पडद्यांपासून दूर, कोरड्या वाळूने भरलेल्या धातूच्या डब्यात ती ठेवावी आणि लवकरात लवकर ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. पालिकेच्या कचरागाडीत मात्र ती टाकू नये. गाडीत कचरा दाबला जातो आणि त्या दाबाने अशी बॅटरी पेटू शकते.