थर्माकोलच्या खोक्यातला उजेड

पुण्याच्या तपकीर गल्लीत पांढरा एलईडी मागितला की दुकानदार त्याच्या दोन पायांमध्ये बटन सेल सरकवतो आणि झोत थेट तुमच्या डोळ्यांवर धरतो. "वीस हजार एमसीडी आहे साहेब!" डोळे दिपतात, गिऱ्हाईक खूश. या परीक्षेतून कळतं एवढंच, की एलईडी पेटतो.

एमसीडी म्हणजे मिलिकँडेला. समोरच्या एका दिशेला झोत किती जोरकस, तेवढंच हा आकडा सांगतो. झोत अरुंद केला की आकडा फुगतो, एकूण उजेड मात्र तसूभरही वाढत नाही. १५ अंशांत झोत टाकणारा २०,००० एमसीडीचा एलईडी ढोबळ हिशेबाने एकूण एक ल्यूमेन उजेड देतो. ३० अंशांत पसरणारा १०,००० एमसीडीचा दोन ल्यूमेनच्या वर जातो. दुकानात हरतो तो दुसराच. त्यात अंधाराला सरावलेला डोळा निळ्या रंगाला जास्त दाद देतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत ताडून पाहिलं तर निळसर माल उगाच भाव खाऊन जातो.

खरी कार्यक्षमता म्हणजे वॅटमागे किती ल्यूमेन. ती काढायची तर सगळ्या दिशांना निघणारा उजेड गोळा करावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी आतून पांढराशुभ्र लेप दिलेला पोकळ गोल असतो. मी आइस्क्रीमवाल्याकडचं थर्माकोलचं खोकं वापरतो. एका बाजूला एलईडीपुरतं भोक, शेजारच्या भिंतीत बागेतल्या सोलर दिव्यातून काढलेला सोलर सेल, आणि दोघांच्या मध्ये थर्माकोलचाच आडोसा. या आडोशावर सगळी मदार. तो नसेल तर झोत सरळ सेलवर पडेल आणि आपण पुन्हा एमसीडीच मोजत बसू. आडोसा असला की भिंतींवर आपटून, विखरून, एकजीव झालेला उजेडच सेलपर्यंत पोचतो.

सोलर सेल मल्टिमीटरच्या मिलिअँपिअर रेंजला थेट जोडायचा. उजेड जितका, त्या प्रमाणात करंट. सिलिकॉनला तांबडं जास्त दिसतं, माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळं. म्हणून एकाच छटेचे एलईडी आपसांत ताडून पाहावेत. डेटाशीटवर ल्यूमेन दिलेला, खात्रीचा एखादा एलईडी हाताशी असला की त्यावरून बाकीच्यांचे ल्यूमेनही अंदाजता येतात.

दुसरं मीटर एलईडीच्या वाटेत. करंट मोजणारं मीटर स्वतःच थोडा व्होल्टेज खातं, तेव्हा व्होल्टेज बॅटरीवर नाही, एलईडीच्या पायांवर मोजायचा. २० मिलिअँपिअर, ३.२ व्होल्ट, म्हणजे ६४ मिलिवॅट. एवढ्यात पाच ल्यूमेन निघाले तर वॅटमागे ७८ झाले.

आणि मग गंमत सुरू होते. एलईडीच्या वाटेतला पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स, फिरवून करंट ५ मिलिअँपिअरवर आणला की उजेड पाव व्हायला हवा. तो तीस टक्क्यांच्या आसपास राहतो. व्होल्टेजही थोडा उतरलेला असतो, त्यामुळे वॅटमागचा हिशेब चांगलाच सुधारतो. उलट दिशेला, करंट ६० च्या पुढे नेला तर सोलर सेलचा आकडा आधी चढतो आणि मग डोळ्यांदेखत घसरू लागतो. एलईडीचे पाय चटका देतात, कारण या पाच मिलिमीटरच्या घुमटातून उष्णतेला बाहेर पडायला पायांखेरीज धड वाट नसते. छटाही निळी होत जाते. उष्णता हे एक कारण झालं. दुसरं चिपच्या आत: इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची दाटी वाढली की त्यांच्या भेटीतली ऊर्जा प्रकाश न होता तिसऱ्याच इलेक्ट्रॉनला मिळते आणि शेवटी तिची उष्णता होते. म्हणजे 'या एलईडीची कार्यक्षमता किती' हा प्रश्नच अर्धवट आहे. किती करंटला, ते आधी सांगा.

टॉर्चमध्ये गेल्यावर हिशेब आणखी बिघडतो. तीन पेन्सिल सेलचे साडेचार व्होल्ट, एलईडीला हवेत ३.२, उरलेले १.३ व्होल्ट रेझिस्टन्स तापवण्यात जातात. जवळपास २९ टक्के वीज तिथेच खलास. बाजारात मिळणाऱ्या नऊ एलईडीच्या स्वस्त टॉर्चमध्ये तर बहुधा रेझिस्टन्सही नसतो, सगळं सेलच्या अंतर्गत रोधावर सोडलेलं. नवे सेल घातले की नऊच्या नऊ एलईडी गरजेपेक्षा जास्त करंट ओढतात, आणि ज्याचा व्होल्टेज जरा कमी त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त. पहिला मरतो तोही तोच. मला हा निव्वळ आळशीपणा वाटतो; पाकिटावर 'सुपर ब्राइट' छापायची सोय मात्र होते.

रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला बांधावरून जाणाऱ्याला पायापुढची चार पावलं दिसली तरी पुरे. त्याच्या टॉर्चचे सेल उतरले की झोत मंद होतो. करंट कमी, एलईडी गार, रेझिस्टन्स असलाच तर त्यावर वाया जाणंही घटलेलं. एलईडीचं सर्वांत काटकसरीचं काम तेव्हा चाललेलं असतं, आणि नेमके तेव्हाच आपण सेल बदलतो.