फुगलेला मासा

घरच्या काचेच्या टाकीतला मासा फुगला, की मंडळी औषधाच्या शोधात निघतात. आमचे म्हणणे असे, की आधी त्याला वरून न्याहाळावे. खवले अंगाशी बसलेले असून मासा चपळ असेल, तर बहुधा अपचन किंवा पोटातली अंडी; अपचनाला दोन-तीन दिवसांचा उपास पुरतो. पण खवले खुडूक कोंबडीच्या पिसांसारखे उभे राहिले, तर तो जलोदर समजावा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार अधिक, म्हणून पाणी सारखे आत शिरते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात; ती थकली, की पाणी अंगात साचते. मागे बहुधा एरोमोनास नावाचे जंतू असतात. ते टाकीत एरवीही असतातच. मासा अशक्त झाला, की उलटतात. जळगाव-धुळ्याचा मे महिना तर विचारू नका! पारा ४५ अंशांकडे जातो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि हौसेने टाकलेले जादा खाद्य लवकर कुजते.

आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा. वीस लिटर पाण्यात चहाचा एक चमचा एप्सम मीठ विरघळवून घालावे. सूज उतरण्यास मदत होते. जंतूंवरचे औषध पशुवैद्यांना विचारूनच खाद्यातून द्यावे. खवले उभे राहिल्यावर थोडेच मासे वाचतात, हे स्पष्ट सांगितलेले बरे. उरलेल्यांसाठी मूळ टाकीतले पाव हिस्सा पाणी एक दिवसाआड बदलावे; नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवून मगच ओतावे.