तंबू घेताना पैसे कुठे वाचवाल?

वाराणसीला गंगेच्या पैलतीरी, घाटांसमोरच्या वाळूत १३ जानेवारी २०२३ रोजी ‘टेंट सिटी’चे उद्घाटन झाले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत साऱ्या सोयी तंबूतच! पुढे नदीकाठच्या या वस्तीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. असला थाट सामान्य कुटुंबाच्या खिशाला झेपणारा नव्हेच. पण काशीयात्रेला जोडून मुलांना एक-दोन रात्री निसर्गात घालवायच्या असतील, तर स्वतःचा लहानसा तंबू पुरतो. चंदौली जिल्ह्यातले चंद्रप्रभा अभयारण्य वाराणसीहून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. राजदरी आणि देवदरी हे धबधबे तिथलेच. मात्र मुक्कामासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्या.

आधी भाड्याने

वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेण्याची घाई नको. गिर्यारोहण संस्था किंवा साहित्य भाड्याने देणारे दुकानदार यांच्याकडे चौकशी करा. एक सहल झाली की आपल्याला काय हवे ते नेमके कळते.

माणसे मोजा, सामानही

‘चार जणांचा तंबू’ म्हणजे चौघे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढीच जागा. बॅगा, चपला, पाण्याचे भांडे त्यात धरलेले नसते. आईवडील आणि दोन मुले असतील तर एक-दोन माणसांची जागा जास्त असलेलाच तंबू बघा. रेल्वेने जायचे असल्यास तो उचलूनही पाहा.

पाऊस आणि दव

कापडाच्या माहितीत पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये दिलेली असते. साधारण पावसाला छताचे कापड १५०० ते २००० मिलिमीटरचे चालते. तळ त्याहून मजबूत हवा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते तपासा. पाणी बहुधा शिवणीतूनच झिरपते.

जानेवारीत वाराणसीकडे दाट धुके पडते. बंद तंबूत श्वासाची वाफ कापडावर जमून अंथरूण ओले होते. म्हणून आत जाळीचा आणि वर वेगळ्या आच्छादनाचा, असा दुहेरी तंबू घ्यावा.

काटकसर इथे करा

फायबरच्या काठ्या अॅल्युमिनियमपेक्षा जड, पण स्वस्त असतात. घरगुती सहलीला त्या पुरतात. खाली अंथरायला साधी ताडपत्री चालते. ती तंबूच्या तळाबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचे पाणी तिच्यावर साचून आत शिरते. वाळूत खुंट्या धरत नाहीत, तेव्हा कापडी पिशव्यांत वाळू भरून त्या पुरा आणि दोऱ्या त्यांना बांधा.

निघण्यापूर्वी तंबू गच्चीत उभारून वरून दोन बादल्या पाणी ओता. गळका असेल तर घरीच समजेल. परतल्यावर पूर्ण वाळवूनच घडी घाला, म्हणजे बुरशी लागणार नाही.

इथे मात्र हयगय नको

थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेतच जीव घेतो. आगीचे भयही असतेच. १९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात तंबूंना आग लागली, सिलिंडर फुटले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पैसे वाचवायचेच असतील तर तंबूत वाचवा आणि त्यातून दोन जाड रजया जास्त घ्या.