पायातली वहाण आणि नावाची मालकी

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण किती सहज वापरतो! तिच्यात वहाणेला तिची जागा दाखवली आहे आणि वहाण करणाऱ्यालाही. ही वहाण २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये, ‘प्राडा’ या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मंचावर चालली. तोच अंगठा, तोच पट्टा, तोच सपाट तळ. कंपनीच्या वर्णनात मात्र ती नुसतीच ‘चामडी सँडल’ होती. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवले, तेव्हा या सँडलमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. कोल्हापूर-सांगली भागातील चर्मकारी हा माझा रविवारचा अभ्यास. त्यासाठी ना पदवी घेतली, ना कुणी मार्गदर्शक लाभला. त्या दिवसांत ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारत होते : “आपल्याकडे जीआय मानांकन आहे ना? मग खटला का भरत नाहीत?” प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मीच थोडा खजील झालो. तो प्रवास इथे मांडतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते एकट्या कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे ते आहे. हे योग्यच झाले, कारण अथणी-निपाणीकडच्या घरांत शिवलेला माल कोल्हापूरच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या विकला जात आला आहे. राज्यांची सीमा १९५६ची, धंदा त्याच्या कितीतरी आधीचा.

पण हे मानांकन नेमके कशाचे रक्षण करते? आपला १९९९चा कायदा, जो २००३पासून अमलात आला, प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणे, किंवा ती इथलीच आहे असे गिऱ्हाइकाला भासवणे, हा त्या कायद्याने भंग ठरतो. चपलेचा घाट, वेणी, कान यांवर मालकी मिळत नाही. म्हणजे ज्या मौनाचा आपल्याला राग आला, त्या मौनानेच कंपनी कायद्याच्या कचाट्याबाहेर राहिली. नाव घेतले असते तर प्रश्न आला असता. नाव न घेता रूप नेले, तर कायद्याचा हात पोचत नाही.

मग रूपासाठी दुसरा कायदा नाही का? आहे, २०००चा डिझाइन कायदा. पण त्याची पहिली अट म्हणजे नक्षी नवी हवी, आणि नोंदणी झाली तरी संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षांचे. शेकडो वर्षे हातोहात आलेली नक्षी ‘नवी’ कशी ठरणार? इथे हळदीच्या पेटंटची आठवण होते. अमेरिकेत १९९५मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने पुरावे पुढे ठेवले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. तिथे जुनेपणा कामाला आला, कारण दुसऱ्याची मालकी मोडायची होती. स्वतःची मालकी मिळवायची म्हटले की तोच जुनेपणा आड येतो. जुने ज्ञान ढाल होते. तलवार होत नाही.

तिसरी गोष्ट सीमेची. भारतातली नोंदणी भारतापुरती. १९९५पासून लागू असलेल्या ‘ट्रिप्स’ कराराने सर्व भौगोलिक नावांना संरक्षण दिले खरे, पण वाइन आणि मद्यांना त्याहून कडक संरक्षण दिले. फ्रान्सबाहेरच्या वाइनवर ‘शॅम्पेन-पद्धतीची’ असे प्रामाणिकपणे लिहिलेलेही त्या तरतुदीला चालत नाही. चपलेच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाची फसगत झाली हे दाखवावे लागते. करार करताना कुणाचा माल कुणाच्या डोळ्यांसमोर होता, ते यावरून कळते. युरोपीय संघात हस्तकलांना संघभर लागू होणारे असे संरक्षण आधी नव्हतेच. त्याचा नियम २०२३मध्ये झाला आणि १ डिसेंबर २०२५पासून तो लागू झाला. युरोपबाहेरच्या उत्पादकांनाही तिथे अर्ज करता येतो. हे दार आपण ठोठावले पाहिजे.

ठोठावणार कोण? मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली. जुलै २०२५मध्ये ती फेटाळली गेली. दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा तिचा मथितार्थ. आणि मालक कोण? महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. रापी आणि आरी ज्याच्या हातात, तो मालक नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून त्याला वेगळी नोंद करावी लागते.

हे सारे मी एका वृद्ध कारागिराला सांगत होतो. ते वादी ओढून शिवत होते. घरातल्या सूनबाई वेणी घालत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटले, “साहेब, लांबच्यांनी नक्षी नेली ते दिसलं तुम्हास्नी. हितं रोज बाजारात रेक्झिनवर आमचं नाव लावून विकत्यात, ते कधी दिसायचं?”

मी गप्प झालो. त्यांचे म्हणणे कायद्याच्या पुस्तकातही अचूक बसत होते. मिलानविरुद्ध जो कायदा लंगडा आहे, तो आपल्या बाजारपेठेतल्या नकली ‘कोल्हापुरी’विरुद्ध पुरता समर्थ आहे. तिथे तर नावच चोरले जाते. पण त्यासाठी कुणी पत्र लिहीत नाही, कुणी याचिका करत नाही. यंत्रावर निघालेली स्वस्त नक्कल शेजारी मांडलेली असते, म्हणून बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याच्या जोडाचा भाव पडतो. त्यात २०१५मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढल्यापासून कातडे मिळणेही अवघड झाले, असे कारागीर सांगतात. आधी उचल घेतलेली असते, त्यामुळे व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. मोठी कंपनी आणि लहान कारागीर यांच्यात फरक केवळ पैशाचा नाही. कंपनी आपल्या नावाच्या रक्षणासाठी वकिलांची फौज पोसते. कारागिराचे नाव दुसऱ्याच्या कपाटातल्या फायलीत असते.

म्हणून मला वाटते, कामाचा क्रम असा हवा : आधी कारागिरांची अधिकृत नोंद, मग घरच्या बाजारातील नकलेवर कारवाई, मग युरोपातली नोंदणी. आणि परदेशी कंपनीशी करार व्हायचाच असेल, तर त्यात नावाचा उल्लेख आणि जोडामागे मिळणारी मजुरी, दोन्ही लिहून घ्यावे.

त्या दिवशी निघताना मी एक जोड घेतला. सवयीने तोंडातून निघून गेले, “मामा, काही कमी?” ते हसले. मी सांगितली ती किंमत दिली. पण तो प्रश्न मला अजून चावतो आहे, नव्या वहाणेसारखाच.